बावीस मिनिटांची बाजू

संगीताचा अल्बम चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा असावा ही अपेक्षा श्रोत्यांच्या मनात रुजवली ती बारा इंच व्यासाच्या आणि मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या विनायलच्या तबकडीने, म्हणजे एलपीने. आणि ही मर्यादा नेमकी कुठून येते हे पाहायचे असेल, तर गायन-वादनाच्या स्टुडिओपेक्षा तबकडी कोरणाऱ्या लेथजवळ अधिक वेळ थांबावे लागते.

या लेथवर ॲल्युमिनियमची एक चकती फिरत असते, तिच्यावर नायट्रोसेल्युलोजच्या लॅकरचा आरशासारखा गुळगुळीत थर चढवलेला असतो आणि तापवलेली सुई त्या थरात खाच कोरत काठाकडून केंद्राकडे अतिशय संथपणे सरकत जाते. कोरताना निघणारा केसासारखा बारीक धागा शेजारची नळी सतत ओढून घेत असते, कारण तो सुईखाली सापडला तर संपूर्ण बाजू पुन्हा कोरावी लागते. पाहणाऱ्याला शेकडो वर्तुळे दिसत असली तरी एका बाजूवर खाच एकच असते, गुंडाळलेल्या दोरीसारखी. बावीस मिनिटांच्या बाजूला सुमारे ७३३ फेरे लागतात आणि ते सारे जेमतेम साडेआठ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यात बसवावे लागतात, म्हणजे एका फेऱ्याच्या वाट्याला साधारण ०.१२ मिलिमीटर जागा येते. ही खाच उलगडून सरळ केली, तर तिची लांबी अर्ध्या किलोमीटरच्या जवळपास भरेल.

सगळे फेरे सारख्या जागेत मावले असते तर हिशेब सोपा होता, परंतु ध्वनी जितका मोठा तितकी खाच डावी-उजवीकडे अधिक हेलकावते, आणि खर्जातल्या स्वरांचे हेलकावे तर सर्वांत रुंद असतात. म्हणूनच कोरताना खालचे स्वर मुद्दाम दाबून आणि वरचे उचलून घेतले जातात व वाजवताना ॲम्प्लिफायर ही क्रिया नेमकी उलटवतो. अमेरिकेत १९५४ च्या सुमारास ठरलेला हा दंडक पुढे जगभर पाळला गेला. याशिवाय सुधारित लेथवर येणाऱ्या ध्वनीचा अंदाज क्षणभर आधी घेतला जातो आणि हळुवार भागात फेरे जवळ, तर जोरकस भागात दूर कोरले जातात. अमेरिकेतील टेलार्क कंपनीने १९७९ मध्ये काढलेल्या चायकॉव्हस्कीच्या ‘१८१२’ या रचनेच्या तबकडीवर तोफांच्या आवाजाने खाच इतकी वळली आहे की ती वळणे नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

त्यामुळे कोरणाऱ्या अभियंत्यापुढे वेळ आणि आवाजाची पातळी हे दोन वेगळे प्रश्न नसतात. अठरा ते बावीस मिनिटांपर्यंत खाचेला हवी तेवढी मोकळीक देता येते. पंचविशी ओलांडली की पातळी उतरवावी लागते आणि पातळी उतरली की पृष्ठभागाची खरखर संगीताच्या बरोबरीने ऐकू येऊ लागते. टॉड रुंडग्रेन यांनी १९७५ च्या ‘इनिशिएशन’ या अल्बममध्ये एकाच तबकडीवर तासाहून अधिक संगीत बसवले, तेव्हा झिजलेली सुई वापरू नये आणि आवाज कमी वाटल्यास संगीत टेपवर उतरवून घ्यावे, अशी सूचना वेष्टनावर द्यावी लागली.

दुसरी अडचण भूमितीची आहे. तबकडीच्या फेऱ्यांची गती तीच राहिली तरी काठाजवळ सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, तर शेवटच्या फेऱ्यांत केवळ २१. म्हणजे तेवढेच संगीत निम्म्याहून कमी लांबीत कोंबले जाते आणि वरच्या पट्टीतले बारकावे प्रथम गढूळ होतात. बाजूच्या आरंभी तडफदार गाणे आणि अखेरीस शांत गाणे ठेवण्याच्या प्रघातामागे श्रोत्याच्या मनःस्थितीचा विचार होताच, पण हे कारणही तितकेच खरे होते. राव्हेल यांच्या ‘बोलेरो’सारख्या, शिखर अगदी शेवटी गाठणाऱ्या रचनेला एलपी मुळातच प्रतिकूल ठरते, आणि म्हणून टासेट या जर्मन कंपनीने ती रचना आतून बाहेर वाजणाऱ्या तबकडीवर कोरली.

मात्र ही लांबी केवळ यंत्राने लादली असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यापूर्वीच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीवर तीन-चार मिनिटेच मावत, त्यामुळे एक सिम्फनी अनेक तबकड्यांवर तुकड्यातुकड्यांनी यायची आणि त्या सगळ्या तबकड्या छायाचित्रांच्या वहीसारख्या बांधणीत विकल्या जायच्या. ‘अल्बम’ हा शब्द त्या वहीचा आहे. कोलंबिया कंपनीने १९४८ च्या जूनमध्ये एलपी बाजारात आणली, त्याआधी कंपनीचे प्रमुख एडवर्ड वॉलरस्टाइन यांनी पाश्चात्त्य अभिजात रचनांच्या वेळा मोजून पाहिल्या होत्या आणि एका बाजूला सतरा मिनिटे मिळाली तर बहुतेक रचना एका तबकडीत बसतील, असे ठरवले होते. म्हणजे संगीताची गरज आधी मोजली गेली आणि मग खाच बारीक करण्याचा खटाटोप झाला. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

हिंदुस्थानी संगीतासाठी मात्र कोणी असे घड्याळ लावले नव्हते. तरीही एलपीचा लाभ त्याला फार मोठा झाला. ७८ च्या तबकडीत ख्यालगायकाला आलाप, बोल आणि ताना तीन मिनिटांत उरकाव्या लागत. त्यातूनही थोर कलावंतांनी रागाचे दर्शन घडवले, पण बढत, म्हणजे एकेका स्वरावर मुक्काम करीत राग पायरीपायरीने उलगडणे, तेथे अशक्यच होते. अली अकबर खाँ यांची १९५५ ची तबकडी आणि अमीर खाँ यांची १९६० ची मारवा व दरबारीची तबकडी यांनी ‘एका बाजूला एक राग’ हा साचा रूढ केला. अतिविलंबित झूमऱ्यातला तो मारवा मैफलीच्या मानाने आखूडच आहे, पण त्यात रिषभावर रेंगाळायला सवड आहे, आणि मारव्याला ती सवडच हवी असते.

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेल्या सोनेरी तबकडीत हे दोन्ही काळ एकत्र आले आहेत. सुमारे दीड तासाचे संगीत बसावे म्हणून तिची गती मिनिटाला १६⅔ फेरे, म्हणजे एलपीच्या निम्मी, ठेवण्यात आली. तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ती मात्र साडेतीन मिनिटांचीच.

कॅसेट आणि पुढे १९८२ ची ७४ मिनिटांपर्यंतची सीडी यांनी हे बंधन सैल केले, नव्वदच्या दशकात अल्बम तासाभराचे होऊ लागले, आणि आता इंटरनेटवरून ऐकताना तर कोणतीच सीमा उरलेली नाही. तरीही विनायलला मागणी पुन्हा वाढल्यापासून तासाभराचा अल्बम लेथजवळ आला की तो दोन तबकड्यांत विभागावा लागतो आणि कोणते गाणे कोणत्या बाजूच्या अखेरीस जाईल, यावर पुन्हा खल होतो. बाजूचे संगीत संपल्यावर अभियंता सुईला झपाट्याने आत सरकू देतो, तिची खाच एका बंद वर्तुळात मिटते आणि तबकडीचा क्रमांक उरलेल्या कोऱ्या पट्टीवर कोरला जातो. ही पट्टी आखूड बाजूला बहुधा रुंद आणि लांबलेल्या बाजूला चिंचोळी असते, त्यामुळे जाणकार तबकडी उजेडात तिरपी धरतो आणि वाजवण्याआधीच ती किती मिनिटांची असेल ते ओळखतो.