लहान माइक, तिखट कान

ध्वनिमुद्रणाचा नाद लागला तेव्हा पहिला माइक मी रूपावर भुलून घेतला. चांगला जाडजूड, चकचकीत. त्यावर आमच्या गिटारच्या सरांचं वादन मुद्रित केलं. माइक ठेवला थेट गिटारच्या भोकासमोर. आवाज तिथूनच येतो, अशी माझी समजूत! ऐकलं तर रांजणात बोलल्यासारखा नुसता घुमघुमाट. पुढे सर परगावी गेले, त्यांचं वादनही सुटलं. ते मुद्रण पुन्हा करता आलं नाही.

दोष माइकपेक्षा माझ्या अज्ञानाचा होता. कंडेन्सर माइकमध्ये एक अतिशय पातळ पडदा आणि त्यामागे धातूची चकती असते. आवाजानं पडदा थरथरला, की दोहोंतलं अंतर बदलतं आणि त्यातून विजेचा संकेत तयार होतो. गायनासाठीच्या मोठ्या माइकचा पडदा साधारण एक इंचाचा, तर लहान माइकचा अर्ध्या इंचाच्या आसपास. लहान पडदा झांजेवरचा काठीचा आघात किंवा तारेवरचं नख चटकन टिपतो. बाजूनं आलेल्या आवाजाचा पोतही तो फारसा बिघडवत नाही. ऐसपैस पसरलेल्या ड्रमसेटसाठी हा गुण मोलाचा. मात्र त्याची स्वतःची खरखर मोठ्या माइकपेक्षा थोडी जास्त असते.

या माइकला लागणारी वीज आवाजाच्याच केबलमधून जाते, ४८ व्होल्टची. त्या आकड्याची गोष्ट गमतीची आहे. १९६६ साली नॉयमन कंपनीनं नॉर्वेच्या नभोवाणीसाठी केएम ८४ हा लहान माइक तयार केला. तिथल्या स्टुडिओत आपत्कालीन दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती. तोच आकडा पुढे जगभर रूढ झाला!

खरेदी करताना माहितीपत्रकातले दोन आकडे पाहा. गिटार हळुवार वाद्य, म्हणून माइकची स्वतःची खरखर सोळा डेसिबेल किंवा त्याहून कमी असावी. ड्रम दणदणीत, म्हणून आवाज सहन करण्याची मर्यादा १३० डेसिबेलच्या वर हवी. शक्य तर एकाच मॉडेलचे दोन माइक घ्या. ही जोडी ड्रमच्या डोक्यावर लावता येते. मात्र स्नेअर ड्रमच्या मध्यापासून दोन्ही माइकचं अंतर दोरीनं मोजून सारखं ठेवा. पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमसाठी साधा डायनॅमिक माइक वेगळा लावलेला बरा.

गिटारसाठी बाराव्या पडद्यासमोर, साधारण तीस सेंटिमीटरवर माइक ठेवून सुरुवात करा. भोकासमोर हवेचा घुमारा असतो, शिवाय फार जवळ नेलेला एकदिशा माइक खर्ज आणखी फुगवतो. माझं तेव्हा नेमकं हेच झालं.

आपल्याकडे पावसाळ्यातला दमटपणा या माइकचा वैरी. ओल धरली की तडतड सुरू होते. काम संपलं की माइक सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावा.

आता माइक लावण्याआधी मी एक कान बंद करून वाद्यासमोर हळूहळू फिरतो. जिथे ते गोड लागतं, तिथे माइक. या युक्तीला पैसे पडत नाहीत. तेव्हा सुचली असती, तर सरांची गिटार आज माझ्यापाशी असती.