मोबाईल उशाशी, झोप उपाशी

“पोरगं सकाळी उठत नाही, सारखं चिडतं, टॉनिक द्या,” असे मढ परिसरातील पालक मला सांगतात. मी विचारतो, रात्री मोबाईल कुठे असतो? उत्तर बहुधा ‘उशाशी’! वयात येताना झोपेचे मेलाटोनिन मुळातच उशिरा पाझरते. पडद्याच्या उजेडाने आणखी लांबते. त्यात इन्स्टाग्रामवरच्या ‘लाईक’ची हुरहूर. झोप मात्र 8 ते 10 तास हवी.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगावने 2022 साली संध्याकाळी सातचा भोंगा सुरू केला. दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, थोरांचेही. हे ‘थोरांचेही’ महत्त्वाचे. बापच रील पाहत बसला, तर पोराने का ऐकावे? झोपताना घरातले सगळे फोन फळीवर ठेवा. तरीही मूल दोन-दोन आठवडे गप्पच राहिले, जेवण टाकू लागले, तर 14416 या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.