आधी पांढरा, मग बाकीचे रंग

पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत पांढरा सदराही पिवळट येतो. समोर उभ्या असलेल्या माणसाला मात्र तो पांढराच दिसलेला असतो, कारण प्रकाशाची छटा वजा करून रंग ओळखण्याची मेंदूला सवय असते. कॅमेरा ही वजाबाकी अंदाजाने करतो. अंदाज चुकला की ती सॉफ्टवेअरमध्ये हाताने करावी लागते.

फोटोतला प्रत्येक पिक्सेल म्हणजे लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांचे आकडे. नेहमीच्या जेपेग फोटोत प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. तिन्ही शून्य असले की काळा, तिन्ही २५५ असले की पांढरा आणि मधेच कुठे तिन्ही सारखे असले की करडा. रंग सुधारणे म्हणजे या आकड्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण बदलणे.

सुरुवात ‘व्हाइट बॅलन्स’पासून करावी. प्रकाशाची छटा केल्विनमध्ये मोजतात: पिवळा बल्ब सुमारे २७००, दुपारचे ऊन साधारण ५५००. सॉफ्टवेअरमधल्या ड्रॉपरने फोटोतल्या करड्या जागेवर क्लिक केले की तिथले तीन आकडे समान होतात आणि त्याच प्रमाणात सगळा फोटो बदलतो. जागा निवडताना मात्र फसगत होते. नीळ दिलेले धोतर पांढरे वाटले तरी किंचित निळे असते; त्यावर क्लिक केले तर माणसांचे चेहरे पिवळे पडतात. दिव्यासारखी चकाकती जागाही टाळावी, कारण तिथले आकडे २५५ला अडकलेले असतात आणि मूळ छटा हरवलेली असते. एका बाजूने खिडकीचा उजेड आणि दुसऱ्या बाजूने बल्ब असेल, तर एकच दुरुस्ती पुरत नाही; ‘मास्क’ लावून दोन भाग वेगळे सुधारावे लागतात.

त्यानंतर ‘लेव्हल्स’ किंवा ‘कर्व्हज’ वापरून उजेड-अंधाराचा तोल साधायचा. तिन्ही रंगांवर एकत्र कर्व्ह लावून कॉन्ट्रास्ट वाढवला की रंगही आपोआप गडद होतात. म्हणून ‘सॅच्युरेशन’ शेवटी. हौशी लोक नेमकी तिथूनच सुरुवात करतात, आणि लग्नाचे बहुतेक फोटो तिथेच बिघडतात: शालूचा लाल २५५ला टेकतो, विणकाम दिसेनासे होते आणि उरतो नुसता लाल डाग. त्यापेक्षा ‘व्हायब्रन्स’ बरा. तो फिकट रंगांना जास्त उठाव देतो, गडद रंगांना कमी.

जेपेगमध्ये ही ओढाताण फार सोसत नाही. कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली ‘रॉ’ फाइल मात्र १२ किंवा १४ बिटांची असते, म्हणजे प्रत्येक रंगाच्या ४०९६ किंवा १६३८४ पायऱ्या. शिवाय व्हाइट बॅलन्स तिच्यात पक्का झालेला नसतो. जेपेग पुन्हापुन्हा सेव्ह केल्यानेही तपशील झिजतो. त्यावर उपाय म्हणजे ‘अ‍ॅडजस्टमेंट लेयर’. मूळ पिक्सेलना हात न लावता बदल करू देणारी ही सोय फोटोशॉपमध्ये १९९६ साली आली.

छपाईचे गणित निराळे. छापखान्यातल्या चार शाईंना पडद्यावरचे झगझगीत निळे-हिरवे रंग साधत नाहीत, आणि पडद्याचा उजेड जास्त ठेवून सुधारलेला फोटो कागदावर काळवंडतो. अल्बम छापायला देण्याआधी एखाद-दुसरा फोटो छापून पाहावा, आणि मूळ फाइल कधीही पुसू नये.