काउंटरच सरकतंय की, सर!

बाजारपेठेत तराजूच्या पारड्यात पडणारे किलोचे वजन आपण कधी तपासून पाहतो का? त्यावर वजनमापे निरीक्षकाचा शिक्का असला म्हणजे आपले समाधान होते. निपाणी परिसरात तंबाखूच्या मापावरून पिढ्यान् पिढ्या वाद झाले आहेत. त्यामुळे वजनच हलके असेल तर काटा कितीही सरळ उभा राहिला तरी माप खोटेच, हे इथल्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. मला मात्र हीच गोष्ट प्रयोगशाळेत शिकायला बरीच वर्षे लागली आणि त्याची किंमत एका विद्यार्थिनीने मोजली.

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत फ्रिक्वेन्सी काउंटर नावाचे यंत्र असते. आमच्याकडचे यंत्र ऐंशीच्या दशकातले, लाल आकड्यांचे, दोन्ही हातांनी उचलावे लागते असे. एखादे विद्युत्-कंपन सेकंदाला किती वेळा होते ते हे यंत्र मोजते. पद्धत साधी आहे. एक सेकंद दार उघडायचे, आत येणारे ठोके मोजायचे आणि दार लावायचे. पण एक सेकंद झाला हे यंत्राला कोण सांगते? आत बसवलेली गारेची, म्हणजे क्वार्ट्झची, एक चकती. हिलाच रेफरन्स ऑसिलेटर म्हणतात. ही चकती सेकंदाला एक कोटी वेळा थरथरते, निदान तशी अपेक्षा असते. ती किंचित मंद झाली की दार जास्त वेळ उघडे राहते आणि आकडा फुगतो. हलक्या वजनाने तोललेला माल जास्त भरतो, तसेच.

साधारण दहा-बारा वर्षांपूर्वी जानेवारीच्या थंडीत एका मुलीने स्वतः जोडलेल्या सर्किटची दोन वाचने जर्नलात लिहिली. सकाळी आठला ९९,९९,८७१ आणि दुपारी एकला ९९,९९,८४०. खाली पेन्सिलीने एक ओळ होती : ‘मोजणारे यंत्रच बदलत असावे.’ मी विचारले तर म्हणाली, “काउंटरच सरकतंय की, सर!” मी म्हटले, “यंत्र चुकत नसतं, तुझी जोडणी सैल असेल.” आणि वीसपैकी दोन गुण कापले.

गेल्या वर्षी हे यंत्र भंगारात काढण्याची यादी झाली तेव्हा ती पेन्सिलीची ओळ आठवली. आता पडताळून पाहायची सोयही होती. जीपीएसच्या उपग्रहांत अणुघड्याळे असतात. त्यांच्या संकेताला बांधून एक कोटी हर्ट्झचा ठोका देणारी छोटी पेटी हल्ली चांगल्या मोबाइलच्या निम्म्या किमतीत मिळते. ती काउंटरला जोडली. बरोबर १,००,००,००० दिसायला हवे होते. सकाळी दिसले १,००,००,०४१ आणि दुपारी यंत्र तापल्यावर १,००,००,०१२. म्हणजे एकोणतीसचा फरक यंत्राच्या पोटातलाच होता. पोरीचे बरोबर होते.

हातातल्या घड्याळात एवढी चूक कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण ती दिवसाला अर्ध्या सेकंदाच्याही आत भरते. मोजमापाच्या यंत्राला मात्र ती चालत नाही. शिवाय गारेची चकती तापमानाबरोबर बदलते, तशी वयाबरोबरही सरकते. आतला स्क्रू फिरवून आकडा आज जुळवता येईल, पण उद्या सकाळची थंडी तो पुन्हा बिघडवणारच.

यावर उपाय जुनाच आहे. चकतीला तिच्या स्वतःच्या इवल्याशा भट्टीत ठेवायचे. बाहेर निपाणीची थंडी असो की एप्रिलचे ऊन, आत सत्तर-ऐंशी अंशांचे एकच हवामान. याला ओव्हन ऑसिलेटर म्हणतात. टेलिफोनच्या जुन्या यंत्रणांतून निघालेले असे ऑसिलेटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर धुंडाळले तर मिळतात. मी एक आणला.

वाटले होते, जुना काढला, नवा लावला, झाले. तसे नसते! भट्टी सुरुवातीला भुकेली असते. ती गरम होताना एवढा प्रवाह ओढते की जुन्या ट्रान्सफॉर्मरने मान टाकली असती, म्हणून बारा व्होल्टची वेगळी सोय केली. नव्याची लाट गोलाईची, तर जुन्या सर्किटला चौकोनी ठोके हवेत. त्यासाठी मधे एक चिप घातली. (घरी कुणी असा उद्योग करणार असेल तर प्लग काढून थांबा. आतले मोठे कपॅसिटर वीज बंद झाल्यावरही झटका देतात.) मग चार दिवस यंत्र नुसते चालू ठेवले, कारण नवी भट्टी लगेच स्थिरावत नाही. आमचे प्रयोगशाळेतले मामा रोज सवयीने बटण बंद करायचे आणि मी रोज पुन्हा शून्यापासून सुरू करायचो. शेवटी बटणावर चिकटपट्टी लावली.

जुळवणी ऑसिलोस्कोपवर केली. उपग्रहाचा ठोका स्थिर धरायचा आणि आपली लाट किती वेगाने बाजूला सरकते ते पाहायचे. पूर्ण एक लाट सरकायला शंभर सेकंद लागले तर फरक अब्जात एक. स्क्रू केसभर फिरवायचा, थांबायचे, पुन्हा पाहायचे. ती दुपार कशी गेली कळले नाही.

मग उपग्रहाची पेटीच कायमची का जोडली नाही? तिला गच्चीवर अँटेना लागते आणि वळवाच्या दिवसांत, विजा कडाडत असताना, ती तिथे ठेवायला माझा जीव धजत नाही. वर्षातून दोनदा ताडून पाहायला ती पुरे.

हा प्रश्न फक्त आमच्या कपाटातल्या यंत्राचा नाही. नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना सुमारे पंचवीस किलोमीटर परिसरात पसरल्या आहेत. त्यांचे संकेत एकत्र जुळायचे तर सगळ्यांना एकाच मूळ ठोक्यावर चालावे लागते. २०१३ साली सोडलेल्या आपल्या आयआरएनएसएस-१ए या उपग्रहातली तर तिन्ही अणुघड्याळे बंद पडली. वर जाऊन कोण बदलणार? त्याची जागा घ्यायला २०१८ साली दुसरा उपग्रह पाठवावा लागला. पुढे २०२३ च्या मे महिन्यात गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये भारतात बनलेले रुबिडियम घड्याळ बसले. आमचे काम तेवढ्याने चार स्क्रूंवर भागले.

काउंटर भंगाराच्या यादीतून निघाला. ती मुलगी आता बेळगावच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. तिला फोन करून दोन गुणांची गोष्ट सांगितली. तिला ते जर्नल आठवेना. आकडे मात्र तिने पुन्हा पुन्हा विचारून घेतले आणि म्हणाली, “सर, पण निपाणीत रात्री लाइट गेली की भट्टी गार होणार. मग सकाळचं वाचन?”

मी तो विचारच केला नव्हता. दुसऱ्या दिवशी बारा व्होल्टची बॅटरी जोडली.