बोलतो कोण, प्राणी की आपण?

घरात कुत्रा किंवा मांजर पाळणाऱ्या माणसाशी दहा मिनिटे गप्पा मारल्या, तर एक वाक्य हमखास ऐकायला मिळते: 'याला सगळे कळते, फक्त बोलता येत नाही.' काही जण त्याही पुढे जातात. मांजर एका सुरात ओरडले म्हणजे 'दार उघड', दुसऱ्या सुरात ओरडले म्हणजे 'दूध दे', आणि आपण काही विचारले तर ते उत्तरही देते, असे ते सांगतात. ही मंडळी खोटे बोलत नसतात. रोजच्या सहवासातून आलेला तो त्यांचा अनुभव असतो.

वर्गात हा विषय निघाला की मुले विचारतात, 'प्राण्यांना खरेच आपली भाषा कळते का?' याला 'हो' म्हणणे सोपे आहे आणि 'नाही' म्हणणेही सोपे आहे. पण आपण थोडा वेगळा प्रश्न विचारू या. कळते की नाही, हे ठरवायचे कसे? कारण संवादाला नेहमी दोन बाजू असतात. प्राण्याच्या बाजूने काय आले आणि आपण आपल्या मनाने त्यात काय घातले, हे वेगळे केल्याशिवाय उत्तर मिळणार नाही. हे वेगळे कसे करायचे, याचा धडा विज्ञानाला एका घोड्याने दिला.

बर्लिनचा हुशार हान्स

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतील बर्लिन शहरात विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाचे गणिताचे एक निवृत्त शिक्षक राहत होते. त्यांनी हान्स या आपल्या घोड्याला अनेक वर्षे चिकाटीने शिकवले होते. 'बारातून पाच गेले किती?' असे विचारले की हान्स पुढच्या पायाच्या खुराने सात ठोके देई आणि थांबे. तो बेरीज-वजाबाकी करी, अपूर्णांक सोडवी, तारीख सांगे. अक्षरांना आकडे ठरवून दिले होते, त्यामुळे ठोक्यांनी तो शब्दही 'लिहीत' असे. फॉन ऑस्टेन या प्रयोगांसाठी कोणाकडून पैसे घेत नसत. ते जवळ नसताना दुसऱ्या कोणी प्रश्न विचारले तरी हान्स बऱ्याचदा बरोबर उत्तर देई. त्यामुळे लबाडीचा संशय घ्यायला फारशी जागा नव्हती.

1904 साली मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांच्या पुढाकाराने एक समिती नेमली गेली. तीत प्राणिशास्त्रज्ञांबरोबर सर्कशीतला जाणकारही होता. यात कोणतीही ज्ञात युक्ती किंवा फसवणूक दिसत नाही, असा निर्वाळा या समितीने दिला. पुढचा तपास श्टुम्फ यांचे सहकारी ऑस्कर फुंग्स्ट यांनी हाती घेतला.

फुंग्स्ट यांची युक्ती साधी होती. त्यांनी प्रश्न दोन प्रकारे विचारले. पहिल्या प्रकारात प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत असे. दुसऱ्या प्रकारात आकड्याचे कार्ड घोड्याला दाखवले जाई, पण विचारणारा स्वतः ते पाहत नसे. पहिल्या प्रकारात हान्सची बहुतेक उत्तरे बरोबर आली. दुसऱ्या प्रकारात शंभरात दहासुद्धा बरोबर आली नाहीत. घोड्याच्या डोळ्यांना झापडे लावली आणि विचारणारा त्याला दिसेनासा झाला, की हान्सचे गणित पुन्हा बिघडे.

याचा अर्थ उत्तर घोड्याच्या डोक्यात नव्हते, ते विचारणाऱ्याच्या शरीरात होते. प्रश्न विचारला की माणूस नकळत किंचित पुढे वाकतो आणि खुराकडे पाहू लागतो. हान्स ठोके देऊ लागे. योग्य आकडा आला की माणसाचा ताण सुटतो आणि डोके अगदी थोडे, मिलिमीटरमध्ये मोजावे इतके, वर येते. हान्स थांबे. फॉन ऑस्टेन हा इशारा देत होते, पण आपण तो देतो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते.

फुंग्स्ट एवढ्यावर थांबले नाहीत. पुढे प्रयोगशाळेत ते स्वतःच 'घोडा' झाले. समोरच्या माणसाने मनात एक आकडा धरायचा आणि फुंग्स्ट यांनी त्याच्याकडे पाहत हाताने ठोके द्यायचे. अशा 25 जणांपैकी दोघे वगळता सर्वांनी नकळत तोच इशारा दिला. हे सारे माहीत झाल्यावरही स्वतःच्या डोक्याची हालचाल रोखणे फुंग्स्ट यांना कठीण गेले. हा सगळा अभ्यास 1907 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला.

विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसेल तर?

हान्सची गोष्ट अनेकदा 'घोडा मूर्ख निघाला' अशा थाटात सांगितली जाते. ते बरोबर नाही. तेरा जणांच्या समितीला जी हालचाल दिसली नाही, ती घोड्याला दिसत होती. त्याला गणित येत नव्हते, पण माणूस वाचता येत होता. चाचणी नीट केल्यामुळेच त्याची खरी हुशारी कशात आहे ते समजले.

तेव्हापासून एक नियम रूढ झाला. प्राण्याची परीक्षा घेणाऱ्याला उत्तर माहीत नसावे, आणि ते शक्य नसेल तर निदान तो प्राण्याला दिसू नये. या चाळणीतून काय खाली पडते आणि काय वर राहते ते पाहू.

जर्मनीतील रिको नावाच्या बॉर्डर कॉली जातीच्या कुत्र्याला दोनशेच्या वर वस्तूंची नावे येत होती. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वस्तू दुसऱ्या खोलीत ठेवल्या होत्या. मालक इकडे नाव सांगे आणि रिको तिकडे जाऊन वस्तू घेऊन येई, म्हणजे वस्तू निवडताना त्याला मालकाचा चेहरा दिसतच नसे. तरीही त्याची निवड बहुतेक वेळा बरोबर ठरली. अमेरिकेत जॉन पिली या निवृत्त मानसशास्त्रज्ञांनी चेसर या त्याच जातीच्या कुत्रीला तीन वर्षांत 1022 खेळण्यांची नावे शिकवली. हे काम 2011 साली प्रसिद्ध झाले. तिच्याही चाचण्या खेळणी नजरेआड ठेवून घेतल्या होत्या. कुत्र्याला शब्द ओळखता येतो, हे चाळणीत टिकले.

पोपटाचे काय? मराठी घरांतल्या पोपटांनी पिढ्यान्‌पिढ्या 'विठू विठू' म्हटले. (आपल्याकडचे रानपोपट पिंजऱ्यात ठेवणे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हे मुलांना अवश्य सांगावे.) श्वासनलिकेच्या तळाशी असलेले ध्वनियंत्र आणि जाड, लवचिक जीभ यांच्या साहाय्याने पोपट आपल्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. पण नक्कल म्हणजे समज नव्हे. आयरीन पेपरबर्ग यांनी 1977 साली विकत घेतलेल्या अ‍ॅलेक्स या आफ्रिकी करड्या पोपटाला वस्तू, रंग आणि आकार यांची नावे शिकवली. दोन वस्तू समोर धरून 'यांच्यात सारखे काय?' असे विचारले, तर तो 'रंग' किंवा 'आकार' असे नेमके सांगे. काहीच सारखे नसेल तर 'काही नाही' या अर्थाचा शब्द वापरी. शिकवणारी व्यक्ती आणि परीक्षा घेणारी व्यक्ती वेगळी ठेवण्याची आणि निरनिराळे प्रश्न मिसळून विचारण्याची काळजी घेतली जात असे. 2007 साली अ‍ॅलेक्स मेला, तेव्हा त्याला शंभराच्या आसपास शब्द येत होते.

अलीकडच्या काळात 'बोलणारी बटणे' आली आहेत. जमिनीवर बटणे मांडतात, प्रत्येकात एकेक शब्द ध्वनिमुद्रित केलेला असतो आणि कुत्रा पंजाने ती दाबतो. अशा कुत्र्यांचे मालक सांगतात की तो वाक्ये बोलतो. 2024 साली अमेरिकेतील संशोधकांनी अशा 59 कुत्र्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. 'बाहेर' किंवा 'खेळ' या अर्थाचा शब्द मालकाने उच्चारला काय किंवा अनोळखी माणसाने बटण दाबून ऐकवला काय, कुत्र्यांचे वागणे त्या शब्दाला साजेसे होते. म्हणजे शब्द कळतो. पण कुत्र्याने एकामागून एक दोन बटणे दाबली की त्याचे वाक्य झाले, असा निष्कर्ष यातून निघत नाही. 'बाहेर' आणि 'पाणी' यांच्यामधला अर्थ बहुधा आपण भरतो.

मांजराची बाजूही अशीच आहे. मोठी मांजरे एकमेकांशी क्वचितच 'म्याव' करतात. तो आवाज ती मुख्यतः माणसासाठी राखून ठेवतात. 2009 साली ब्रिटनमधील संशोधकांना असे आढळले, की खाणे मागताना काही मांजरे आपल्या गुरगुरीत एक उंच स्वर मिसळतात आणि ऐकणाऱ्याला तो निकडीचा वाटतो. तान्ह्या बाळाच्या रडण्याशी त्याचे साम्य आहे. मांजर आपल्याला खरोखर काहीतरी सांगत असते. 'आज उशीर का केलास?' हे मात्र आपले भाषांतर.

कुत्र्याच्या वतीने कोण बोलणार?

हा सगळा घरगुती कौतुकाचा विषय वाटेल. पण पोलिसांचे कुत्रे जेव्हा माणसाकडे बोट दाखवते, तेव्हा तो कौतुकाचा विषय राहत नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात कुत्रा आणि त्याचा हँडलर अशा 18 जोड्यांना एक इमारत तपासायला सांगितली. तिथे अमली पदार्थ किंवा स्फोटके यांपैकी काहीच लपवलेले नव्हते. हँडलरना मात्र सांगितले होते, की काही ठिकाणी लाल कागद लावला आहे आणि तिथे वास आहे. कुत्र्यांनी 'इथे आहे' असा इशारा दिल्याच्या नोंदी अनेक झाल्या आणि लाल कागदापाशी त्या जास्त होत्या. कुत्र्याने हँडलरचे शरीर वाचले असेल किंवा हँडलरला नसलेला इशारा दिसला असेल. दोन्ही शक्यतांमध्ये कागद 'पाहिला' तो माणसाने.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1969 साली महाराष्ट्रातील एका खटल्यात याच अडचणीचा विचार केला होता. कुत्रा साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहत नाही, त्याची उलटतपासणी घेता येत नाही आणि त्याच्या वतीने त्याचा हँडलरच बोलतो. म्हणून माग काढणाऱ्या कुत्र्याच्या पुराव्याला सामान्यतः फार वजन देता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले.

वर्गात करून पाहा

हान्सचा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येतो. 1 ते 10 आकडे लिहिलेल्या दहा चिठ्ठ्या करा. एक विद्यार्थी 'घोडा' होईल. दुसरा चिठ्ठी पाहून आकडा मनात धरेल आणि घोड्याच्या हाताकडे पाहील. घोड्याने पेन्सिलीने सावकाश ठोके द्यावेत आणि समोरच्याच्या चेहऱ्यात, मानेत किंवा श्वासात बदल जाणवला की थांबावे. चिठ्ठी परत मिसळून असे 20 वेळा करा. नंतर पुन्हा 20 वेळा करा, पण या वेळी चिठ्ठी फक्त तिसऱ्या विद्यार्थ्याने पाहावी आणि त्याने घोड्याच्या पाठीमागे, समोरच्यालाही दिसणार नाही असे उभे राहावे. निव्वळ अंदाजाने 20 पैकी सुमारे 2 उत्तरे बरोबर येतील. दोन्ही वेळचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. थोड्या सरावाने घोड्याची प्रगती होते का, तेही नोंदवा.

हा प्रयोग झाल्यावर आपण शिक्षकांनी स्वतःकडेही पाहायला हवे. 'सात आठे?' असे विचारले की एखादे मूल म्हणते 'चोपन्न', आपल्या भुवया हलतात, मग ते म्हणते 'पंचावन्न', आणि 'छप्पन्न' म्हणताच आपला चेहरा खुलतो. आपण त्याला शाबासकी देतो. मुलाला पाढा आला की आपला चेहरा वाचता आला? अशा वेळी उत्तर पाटीवर लिहायला सांगावे आणि त्याने पाटी पालथी घालेपर्यंत आपण खिडकीबाहेर पाहावे. फॉन ऑस्टेन प्रामाणिक होते, मेहनती होते आणि आपल्या विद्यार्थ्यावर त्यांचे मनापासून प्रेम होते. विद्यार्थ्याला नेमके काय येते, एवढे मात्र त्यांना अखेरपर्यंत समजले नाही.