टायमिंग बेल्ट: दिवा बंद आहे म्हणजे बेल्ट नवा आहे, असं नाही

आजचा भाग जरा ग्रीस-ऑइलचा आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी मजकूर. बोलताना आलेले 'अं... म्हणजे...' आणि मागून येणारे ट्रकचे हॉर्न तेवढे काढून टाकलेत.

निमित्त असं की माझ्या मामाचा एपीएमसी मार्केटात, कांदा-बटाट्याकडे गाळा आहे. त्यांनी मध्यंतरी २०१२ ची टोयोटा फॉर्च्युनर घेतली. तीन लिटर डिझेल, फोर बाय फोर, मीटरवर १,६२,००० किलोमीटर. ओतूरकडे शेत आहे, पावसाळ्यात शेवटचा रस्ता चिखलाचा, म्हणून ही गाडी. विकणारा म्हणाला, "टायमिंग बेल्ट बदललेला आहे, बघा ना, मीटरमध्ये दिवा लागत नाही." बिल मात्र नव्हतं. मामांनी मला विचारलं, "तू कॉम्प्युटरवाला ना? मग सांग, हा दिवा खरं बोलतो का?"

प्रश्न एकदम बरोबर होता. आजचा भाग त्याच्या उत्तराचा आहे.

बेल्ट करतो काय?

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट फिरतो, तो पिस्टन वर-खाली करतो. वर कॅमशाफ्ट फिरतो, तो व्हॉल्व्ह उघडतो आणि बंद होऊ देतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा बरोबर एक फेरा व्हायला हवा. हे गणित जुळवून ठेवणारा दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. आत काचेच्या धाग्यांच्या दोऱ्या, दातांवर नायलॉनचं कापड, आणि मध्ये उष्णता सोसणारं रबर.

आता थोडा हिशोब. इंजिन ३,००० आरपीएमवर असेल तर कॅम मिनिटाला १,५०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २५. एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि पिस्टन वर यायच्या आत बंद होतो. डिझेलमध्ये हवा खूप दाबावी लागते, साधारण १५ ते १८ पट. म्हणून पिस्टन वर आला की त्याच्या डोक्यावर जागा फारच थोडी उरते. बेल्ट तुटला किंवा दोन-चार दात सरकला, की उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर पिस्टन आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनला मार बसतो, हेड उतरवावं लागतं. बेल्ट-बेअरिंगचा खर्च हजारांत असतो. हेड उतरलं की तो लाखाच्या घरात जायला वेळ लागत नाही.

मग दिवा काय मोजतो?

फॉर्च्युनरच्या मीटरमध्ये 'टी-बेल्ट' नावाचा दिवा असतो. बऱ्याच जणांना वाटतं की बेल्टजवळ एखादा सेन्सर असेल आणि बेल्ट झिजला की तो कळवत असेल. तसं काही नाहीये. हा दिवा फक्त किलोमीटर मोजतो. आमच्या भाषेत सांगायचं तर तो काउंटर आहे, सेन्सर नाही. ठरलेला आकडा आला की दिवा लागतो. आणि तो शून्यावर आणायला पाना लागत नाही, मीटरवरचं ट्रिपचं बटण ठरावीक पद्धतीने दाबून धरलं की झालं. बेल्टला हात न लावता दिवा बंद करता येतो.

म्हणजे 'दिवा बंद आहे' याचा अर्थ एवढाच की कोणीतरी कधीतरी काउंटर शून्यावर आणला, किंवा आकडा अजून आलेला नाही. त्यात मीटर मागे फिरवलेलं असेल तर तोही आकडा गेला. विकणारा खोटं बोलत होता असंही मी म्हणत नाही. त्याला आधीच्या मालकाने जे सांगितलं तेच त्याने आम्हाला सांगितलं असेल. पण पुरावा तीनच गोष्टींचा: तारीख आणि किलोमीटर लिहिलेलं बिल, सर्व्हिस सेंटरमधली नोंद, किंवा स्वतः बदललेला बेल्ट. आमच्याकडे पहिल्या दोन नव्हत्या.

किलोमीटर की तास?

या इंजिनासाठी ऑस्ट्रेलियात १,५०,००० किलोमीटरचा आकडा दिला जातो. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या हँडबुकमधूनच घ्या. पण समजा दीड लाखच आहे. गाडी हायवेवर सरासरी ताशी ५० ने चालली तर हे अंतर ३,००० तासांत कापलं जातं. तीच गाडी सायन-पनवेल रस्त्याच्या गर्दीत आणि मार्केटच्या गेटवर सरासरी २० ने रांगली, तर लागतात ७,५०० तास. मीटरवर आकडा तोच, पण इंजिन चालू राहिलं अडीचपट वेळ. गर्दीत फेरे कमी पडतात हे खरं, म्हणून झीज अगदी अडीचपट धरू नका. पण बॉनेटखालची उष्णता तेवढा वेळ रबर सोसतं. शिवाय रबर नुसत्या वयानेही कडक होतं. म्हणून बऱ्याच कंपन्या किलोमीटरसोबत वर्षंही देतात: जे आधी येईल ते.

ट्रकवाल्यांना आश्चर्य का वाटलं?

गाळ्यावर ही चर्चा चालू असताना एक ट्रक ड्रायव्हर म्हणाला, "इंजिनात पट्टा? आमच्यात तर गिअर असतात." बरोबर आहे. मोठ्या ट्रकच्या डिझेल इंजिनांमध्ये हे काम बहुतेक दातेरी चाकंच करतात. ती जड आणि आवाजी, पण इंजिनाच्या आयुष्यभर टिकतात. बेल्ट हलका, शांत आणि स्वस्त, पण त्याला मुदत असते. तिसरा पर्याय चेन. २०१६ मध्ये आलेल्या नव्या फॉर्च्युनरच्या २.८ लिटर इंजिनात चेनच आहे. जुन्या तीन लिटरमध्ये मात्र बेल्ट, आणि सेकंडहँड बाजारात दोन्ही मिळतात. त्यामुळे आधी आपल्या गाडीत काय आहे ते विचारा.

काम कसं झालं

मार्केटपासून जवळच, तुर्भ्याच्या एका गॅरेजमध्ये काम केलं. या इंजिनात बेल्ट समोरच असतो, आखूड असतो, हात पोचतो. क्रम असा:

१. इंजिन थंड. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, मग पुढचं कव्हर.

२. क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने फिरवत खुणा जुळवल्या. जुना बेल्ट काढण्याआधी फोटो काढून ठेवा.

३. टेन्शनरचे दोन बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे सैल केले आणि बेल्ट काढला. यानंतर क्रँक किंवा कॅम एकेकटा फिरवायचा नाही.

४. बेअरिंग हाताने फिरवून पाहिलं. कोरडी खरखर येत होती. बेल्टसोबत बेअरिंग आणि टेन्शनरही नवाच टाकला. कॅमच्या सीलमधून ऑइल गळत असेल तर तेही आताच बदलायचं, कारण ऑइल लागलं की रबर लवकर जातं.

५. नवा बेल्ट दुमडायचा नाही, पिळायचा नाही, ऑइलचा हात लावायचा नाही. हायड्रॉलिक टेन्शनरचा दांडा व्हाइसमध्ये हळूहळू दाबून पिन घालायची, टेन्शनर बसवायचा आणि मगच पिन ओढायची.

६. सगळ्यात महत्त्वाचं: चावी मारण्याआधी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा तपासा. कुठे अडकलं तर जोर लावू नका, थांबा. इथे चूक सापडली तर ती फुकटात सुटते.

जुना बेल्ट मी हातात घेऊन पाहिला. ना भेगा, ना तुटलेला दात. मामा म्हणाले, "चांगलाच दिसतोय की." मिस्त्री म्हणाले, "शेठ, हा बघून कळत नाही." यावर मामाच हसले. "खरंय. गोणी वरून बघून कांद्याचा भाव आम्ही तरी कुठे लावतो? आत हात घालावा लागतो." बेल्टच्या आत मात्र हात घालता येत नाही. आतल्या दोऱ्या थकल्यात की नाही हे बाहेरून दिसत नाही, म्हणूनच मुदतीवर विश्वास ठेवायचा.

गाडी दुसरी असेल तर?

सगळ्या गाड्यांना एकच सल्ला लावू नका. रेनॉ डस्टरची ऑल व्हील ड्राइव्ह घ्या, २०१४ मध्ये आलेली, दीड लिटर डिझेल. तिच्यात वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. पंप अडकला तर बेल्टही जातो, म्हणून तिथे पंप सोबतच बदलतात. इंजिन आडवं बसवलेलं असल्याने बाजूचं माउंटिंग सोडावं लागतं आणि कॅम-क्रँक पिन घालून लॉक करावे लागतात. मजुरी जास्त का, हे यातून कळेल. फॉर्च्युनरच्या तीन लिटरमध्ये पंप बाहेरच्या फॅन बेल्टवर असतो, तो गळत नसेल तर बदलायची सक्ती नाही.

आणि चालत्या गाडीत तुटलाच तर?

इंजिन बंद पडेल. स्टिअरिंग जड होईल, पण वळेल. ब्रेकची मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते, म्हणून पेडल पुन्हा पुन्हा सोडू नका, एकसारखं दाबून धरा आणि कडेला घ्या. माळशेज घाटाच्या उतारावर रात्री हे होऊ शकतं, हा विचार केला की बेल्टचा खर्च मोठा वाटत नाही. थांबल्यावर पुन्हा स्टार्टर मारू नका, जे व्हॉल्व्ह वाचलेत तेही वाकतील. टोइंग बोलवा.

काम झाल्यावर दोन गोष्टी आम्ही केल्या. दिव्याचा काउंटर शून्यावर आणला, आणि बॉनेटखाली एक स्टिकर लावला: तारीख, किलोमीटर, काय काय बदललं. बिल गाडीच्या कागदांच्या फाइलमध्ये. उद्या मामांनी गाडी विकली तर पुढच्या माणसाला नुसत्या दिव्यावर विश्वास ठेवावा लागणार नाही.

तुमच्याकडे कुठली गाडी आहे आणि बेल्टचं बिल सापडतंय का, ते नक्की कळवा. पुढच्या भागात फोर बाय फोरचा लिव्हर कधी टाकायचा आणि डांबरी रस्त्यावर का टाकायचा नाही, यावर बोलू. तोपर्यंत, जपून चालवा!