सांडपाण्याची विद्या

आपल्या शेतकरी समाजांतील मुलें इंजिनीयरिंगकडे वळूं लागलीं आहेत ही समाधानाची गोष्ट होय. परंतु इमारती, रस्ते, यंत्रें व संगणक यांपलीकडची शाखा त्यांच्या पालकांस सहसा ठाऊक नसते. पाणी शुद्ध करण्याचें व सांडपाणी निर्दोष करण्याचें शास्त्र विद्यापीठांत शिकवितात असें सांगितलें, तर "गटाराचें काम शिकावयास मुलगा कशाला धाडावा?" असा उलट प्रश्न येतो. ज्यांच्या शिवारांतून शहराचें काळें पाणी वाहतें, त्या गांवांनीं तरी असें विचारूं नये असें आमचें नम्र मत आहे.

या विद्येची योग्यता कळण्यास जर्मनींतील एकच उदाहरण पुरेसें आहे. १८९२ सालीं एल्ब नदीकांठच्या हांबुर्ग शहरांत कॉलऱ्याची सांथ येऊन सुमारें ८,६०० माणसें दगावलीं. त्यास लागूनच, पण नदीच्या खालच्या अंगास, आल्टोना हें गांव होतें. हांबुर्गची घाण मिसळलेलेंच पाणी तें उचलीत असे. मात्र तेथें तें वाळूच्या थरांतून गाळून नळास देत. हांबुर्गांत वरच्या अंगाचें पाणी न गाळतांच देत. आल्टोना बहुतांशीं बचावलें. नदी तीच व हवाही तीच. फरक काय तो वाळूच्या थराचा.

आतां अभ्यासाचें स्वरूप पाहूं. बहुतेक विद्यार्थी प्रथम स्थापत्य शाखेची चार वर्षांची पदवी घेतात व मग दोन वर्षें पर्यावरण अभियांत्रिकीचा पदव्युत्तर अभ्यास करतात. आरंभीं गणित, मोजणी व पाण्याच्या प्रवाहाचें शास्त्र. गटारास उतार किती द्यावा, हेंही येथें हिशेबानें ठरतें. प्रवाहाचा वेग सेकंदास साधारण दोन फुटांहून कमी पडला तर गाळ बसून नळ तुंबतो. पुढें रसायन व सूक्ष्मजंतु यांचा अभ्यास येतो. पावसाळ्यांतील गढूळ पाण्यांत आपण तुरटी फिरवितों, किंवा निवळीची बी घागरीस आंतून घासतों. मातीचे बारीक कण एकाच जातीची विद्युत् धारण करीत असल्यामुळें एकमेकांस दूर लोटतात व बसत नाहींत. तुरटीनें तो विरोध मोडतो, कण एकत्र येऊन जड होतात व तळाशीं जातात. विद्यार्थी सहा पेल्यांत एकच पाणी घेऊन प्रत्येकांत तुरटीचें निराळें प्रमाण घालून ढवळतो व कोणत्या प्रमाणास पाणी उत्तम निवळतें तें पाहतो. नदीचें पाणी बदललें कीं हा प्रयोग पुनः करावा लागतो.

सांडपाण्याची युक्ति तर आपल्या गृहिणींस चटकन् पटेल. १९१४ सालीं मँचेस्टर येथें आर्डर्न व लॉकेट या दोघां रसायनज्ञांनीं बाटल्यांतील सांडपाण्यांत हवा सोडून पाहिली. पहिल्या खेपेस पाणी पूर्ण शुद्ध होण्यास सुमारें पांच आठवडे लागले. त्यांनीं वरचें स्वच्छ पाणी काढून टाकलें, तळाचा गाळ मात्र तसाच राखून त्यावर नवें सांडपाणी घातलें. असें वारंवार करतां तेंच काम एका दिवसाच्या आंत होऊं लागलें. हें विरजणच होय! गाळांतील जंतु घाण खाऊन वाढतात, त्यांस फक्त हवा पुरवावी लागते. या दोघांस ज्यांच्याकडून दिशा मिळाली ते फाउलर १९१६ सालीं बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत प्राध्यापक म्हणून आले. सांडपाण्यांतील नत्र वायां न जातां शेतांत कसें परत जाईल, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

हें नत्र किती असतें याचा कारकुनी हिशेब करूं. शहरी सांडपाण्यांत लिटरमागें साधारण ४० मिलिग्रॅम नत्र असतें. एकरास चार इंच पाणी दिलें तर तें सुमारें ४ लाख लिटर भरतें. त्यांत १६ किलो नत्र, म्हणजे ३५ किलो युरिया आला. दहा पाळ्यांत साडेतीन क्विंटल! हा फुकटचा लाभ वाटतो खरा. पण उंसास नत्र अति झालें तर तो लोळतो, पक्व होण्यास उशीर लागतो व साखरेचा उतारा घटतो. शिवाय साबणांतील सोडियमनें काळी जमीन घट्ट होऊन पाणी मुरेनासें होतें, आणि कच्च्या खावयाच्या भाजीवर कृमींचीं अंडीं राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८९ च्या सूचनांत अशा भाजीच्या पाण्यास लिटरमागें एकाहून अधिक अंडें नसावें अशी मर्यादा आहे.

गांवाच्या तक्रारीवर पाणी तपासलें जातें आणि एक कागद येतो. त्यावर जैविक प्राणवायूची मागणी म्हणून एक आंकडा असतो. म्हणजे २७ अंश उष्णतेंत तीन दिवसांत जंतूंनीं घाण खातांना किती प्राणवायु संपविला तें माप. सर्वसाधारण सरकारी मर्यादा नदींत सोडण्यास लिटरमागें ३० मिलिग्रॅम व शेतास देण्यास १०० आहे. कच्च्या सांडपाण्यांत हा आंकडा दोनशें-तीनशेंच्या घरांत असतो. हा कागद वाचून "नमुना कोठून व किती वाजतां घेतला?" असें विचारणारा एक तरी माणूस गांवांत हवा. तो नसतो, म्हणून कागद फाइलींत जातो. कागद फाइलींत कसा जातो हें आम्हीं महसूल खात्यांत पुष्कळ पाहिलें आहे.

उपजीविकेची काळजी फारशी नको. नगरपालिका, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, कारखाने या सर्वांस हीं माणसें लागतात. आपल्या साखर कारखान्यांच्या मद्यार्कशाळांतून निघणाऱ्या मळीच्या सांडपाण्यांत वरील आंकडा चाळीस हजारांवर जातो. तें हवाबंद टाक्यांत कुजवून जाळण्याजोगा वायु काढतात. नागपुरास १९५८ सालीं स्थापन झालेली संशोधनसंस्था, जी आज नीरी म्हणून प्रसिद्ध आहे, याच विषयाची. त्याच शहराचें शुद्ध केलेलें सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्रास दिलें जातें; तितकें धरणाचें पाणी वांचतें.

मुलीही हा अभ्यास उत्तम करतात. बारावीस गणिताइतकेंच रसायनाकडे लक्ष असावें. आणि प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वीं मुलास परवानगीनें जवळच्या शुद्धीकरण केंद्रावर एक दिवस न्यावें. वास सोसतो कीं नाहीं हें तेथेंच कळेल.